पूल वाजवून बघताना

गर्डर कापला की पूल सैल पडायला हवा. १९९३ साली अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात, एका पुलाचा गर्डर मुद्दाम कापला, तर तो पूल आधीपेक्षा किंचित घट्ट झाल्यासारखा वागला. कापणारे जाणकार होते, मोजणारे जाणकार होते, यंत्रं धड होती. तरी आकडा उलट्या दिशेला सरकला.

रिओ ग्रांदे नदीवरचा, आय-४० महामार्गाचा हा पूल. मधला गाळा सुमारे ५० मीटरचा, आणि सगळा भार दहा-दहा फूट उंचीच्या फक्त दोन पोलादी गर्डरांवर. दोनातला एक गेला तर सावरायला तिसरा नाही. पूल पाडायचाच ठरला होता. लॉस अलामोस इथली प्रयोगशाळा, जिथे पहिला अणुबॉम्ब तयार झाला तीच, तिथले चार्ल्स फरार आणि त्यांचे सहकारी अशाच संधीच्या शोधात होते. पडणाऱ्या पुलाला थोडंथोडं जखमी करायचं आणि दर जखमेनंतर तो कसा थरथरतो ते टिपायचं. माणसाच्या बाबतीत हे करता येत नाही, आणि चालत्या पुलाच्या बाबतीतही नाही.

पहिला काप गर्डरच्या उभ्या पत्र्यात, मधोमध, दोन फुटांचा. दुसऱ्या वेळी तोच काप खाली तळापर्यंत ओढला. तिसऱ्या वेळी तळाची जाड आडवी पट्टी, जिला इंजिनीअर फ्लँज म्हणतात, ती दोन्ही कडांनी अर्धीअर्धी कापली. चौथ्या वेळी ती आरपार तोडली. आता दहा फुटांतला वरचा चार फूट पत्रा आणि वरची पट्टी, एवढ्यावर तो गर्डर उभा होता. प्रत्येक टप्प्याला यंत्रानं पूल हलवायचा आणि तो सेकंदाला किती वेळा वरखाली होतो ते मोजायचं.

पूल जितका घट्ट, तितका हा आकडा मोठा. कापण्याआधी तो होता २.४८. पहिल्या कापानंतर २.५२. दुसऱ्या कापानंतरही २.५२. तिसऱ्यानंतर २.४६. आणि तळ पूर्ण तुटल्यावर २.३०.

हे आकडे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला छापखान्याची चूक वाटली. सहा फूट पत्रा चिरलाय, आणि पूल म्हणतोय, माझी तब्येत सुधारली! तळ तुटेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हाही फरक पडला तो जेमतेम सात टक्क्यांचा. कंपनांवरून तुळयांमधलं नुकसान ओळखण्याचं जे शास्त्र आहे, त्याच्या सगळ्या अडचणी या पाच आकड्यांत आहेत. त्याची आशाही तिथेच आहे, पण तिच्याकडे जायला जरा वळसा पडतो.

आमच्या आईला या शास्त्राचा अर्धा भाग पाठ होता. उन्हाळा लागला की ती कुंभारवाड्यात माठ घ्यायला जाई. पाच-सहा माठ एकेक करून कानाशी धरी, बोटाच्या पेरानं टिचकी मारी, आणि त्यातले दोन “हा बद्द वाजतोय” म्हणत बाजूला ठेवी. डोळ्यांना त्या दोहोंत काहीच दिसत नसे. कुंभारही वाद घालत नसे. “घ्या मावशी, वाजवून घ्या,” हीच त्याची जाहिरात. पैसे देताना जुन्या माणसांनी रुपया फरशीवर टाकून पाहिलेला मी ऐकला आहे. खणखणीत नाणं हा शब्द तिथलाच. लादी बसवून झाली की गवंडी हातोडीच्या दांड्यानं टकटक करत फिरतो आणि “ही पोकळ वाजते” म्हणून उखडतो. रेल्वेत गाडी थांबली की चाकाचाकावर हातोडी मारत जाणारा माणूस असे. तडा गेलेलं चाक घुमत नाही, नुसतं ‘ठप्प’ म्हणतं.

बद्द म्हणजे नेमकं काय? त्यात दोन गोष्टी एकत्र असतात. तडा गेल्यावर वस्तू थोडी सैल होते, म्हणून तिचा स्वर उतरतो. आणि तड्याच्या दोन ओठांचं एकमेकांवर घर्षण होऊन नादातली शक्ती तिथेच खर्च होते, म्हणून तो लवकर विरतो. आईच्या कानाला मुख्यतः दुसरी गोष्ट कळायची. यंत्रांचा भर मात्र पहिल्या गोष्टीवर राहिला आहे, कारण स्वर किती उतरला हे अचूक मोजता येतं. नाद किती लवकर विरला याचं माप आज एक येतं, उद्या दुसरं. त्यावर सही करायला कोणी धजत नाही.

पुलाचा स्वर कानाला ऐकू येत नाही, हे इथे सांगून ठेवायला हवं. सेकंदाला वीस कंपनांच्या खाली आपला कान बहिरा आहे. सेकंदाला अडीच कंपनं ही पायांना कळतात. जड ट्रक गेल्यावर पुलावर उभ्या माणसाच्या पोटऱ्यांना जे मऊ हेलकावे जाणवतात, तोच पुलाचा षड्ज.

तुळईचं गणित शाळेतच आपल्या हाताखालून गेलेलं असतं. बाकाच्या कडेला फूटपट्टी दाबून धरायची, बाहेर आलेल्या टोकाला बोटानं ताण द्यायचा आणि सोडायचं. टर्र्र. मग पट्टी आत ओढत स्वर चढवत न्यायचा, बाई येऊन तीच पट्टी हातावर मारेपर्यंत. बाहेरची लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट नाही, चौपट होतात. अठराव्या शतकात ऑयलर आणि बर्नुली यांनी बांधलेल्या तुळईच्या सिद्धांतातून हे निघतं. आज पूल आखणारा संगणकसुद्धा बहुतेक वेळा त्याच सिद्धांतावर चालतो.

तीच पट्टी पोलादाची घेऊ. तीन मिलिमीटर जाड, एक टोक पकडीत आवळलेलं, अर्धा मीटर बाहेर. रुंदी कितीही असो, गणितानं तिचा पहिला स्वर येतो सेकंदाला सुमारे ९.८ कंपनं. पण ती एकाच तऱ्हेनं हलत नाही. त्याच वेळी ती नागमोडी होऊन सुमारे ६१ कंपनंही करते, आणि आणखी एक वळण घेऊन १७२. तंबोऱ्याच्या तारेत वरचे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ हिशेबात येतात. एका बाजूनं बांधलेल्या पट्टीचे वरचे स्वर असे सुरेल नसतात. सव्वासहा पट, साडेसतरा पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून पट्टी तारेसारखी गोड वाजत नाही. तपासणाऱ्याला मात्र हा वेडेवाकडेपणा फार उपयोगी पडतो.

कारण प्रत्येक स्वराला पट्टीचा वेगवेगळा भाग वाकवावा लागतो. पहिल्या स्वरात सगळं वाकणं पकडीजवळ होतं, टोक नुसतं झुलतं. त्यामुळे पकडीशी करवतीनं खाच पाडली तर पहिला स्वर लगेच उतरतो. तीच खाच टोकापाशी पाडली तर त्याला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या स्वरात पट्टी इंग्रजी एससारखी वळते, आणि पकडीपासून साधारण ११ सेंटिमीटरवर एक जागा अशी येते की तिथे ती मुळीच वाकत नाही, सरळ राहते. नेमक्या त्या जागी भेग पडली तर दुसरा स्वर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पहिला आणि तिसरा मात्र तक्रार करतात.

तेव्हा प्रश्न बदलतो. एक स्वर किती उतरला, हे विचारून उपयोग नाही. कोण कोण उतरलं आणि कुणाच्या मानानं किती, हे विचारायचं. इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठातल्या पीटर कॉली आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९७९ साली हे नीट मांडलं. नुकसान लहान असेल तर दोन स्वरांच्या उतरणीचं गुणोत्तर फक्त नुकसानाच्या जागेवर ठरतं, आकारावर नाही. म्हणजे भेग केवढी आहे हे माहीत नसतानाही ती कुठे आहे ते काढता येतं. दोन्ही टोकांना सारखीच टेकलेली तुळई असेल तर एक गंमत होते: डाव्या बाजूची भेग आणि उजव्या बाजूची तिची आरशातली जोडीदार, दोघींची साक्ष हुबेहूब सारखी. मग दोन्हीकडे शिडी लावून चढावंच लागतं.

पवईच्या आयआयटीत, यंत्र अभियांत्रिकी विभागात, प्रा. एस. के. मैती आणि त्यांचे विद्यार्थी या प्रश्नावर बरीच वर्षं काम करत होते. बी. पी. नंदवाना यांच्याबरोबरचा त्यांचा १९९७ सालचा शोधनिबंध या विषयात जगभर वाचला गेला. त्यातली कल्पना मला आवडते, कारण ती कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवता येते. भेगेच्या जागी तुळई दोन तुकड्यांत तुटलेली आहे असं समजायचं, आणि ते तुकडे एका स्प्रिंगच्या बिजागरीनं जोडलेले आहेत असंही. भेग खोल तर स्प्रिंग ढिली; भेग उथळ तर स्प्रिंग कडक. आता मोजलेला पहिला स्वर घ्या आणि विचारा: भेग इथे असेल तर स्प्रिंग किती कडक असायला हवी? तिथे असेल तर किती? पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विचारत गेलात की कागदावर एक वक्र रेषा उमटते. दुसऱ्या स्वराची दुसरी रेषा, तिसऱ्याची तिसरी. तिन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे भेग. त्या बिंदूची उंची स्प्रिंगचा कडकपणा सांगते आणि त्यावरून भेगेची खोली निघते.

तीन साक्षीदारांची जबानी वेगवेगळी घ्यायची आणि कुठे जुळते ते बघायचं, असा हा पोलिसी प्रकार. प्रत्यक्षात साक्षीदार तंतोतंत जुळत नाहीत. पकड जरा सैल असते, पोलाद पुस्तकातल्या पोलादासारखं नसतं. म्हणून एक जुगत करतात. भेग नसलेल्या तुळईचे स्वर आधी मोजून ठेवायचे आणि गणितातला पोलादाचा ताठपणा दर स्वरासाठी असा थोडा हलवायचा की गणित आणि माप यांचा मेळ बसेल. तराजूत माल टाकण्याआधी पासंग बघतात, तसंच. त्यानंतर भेग पाडून मोजलं की रेषा एका ठिपक्यापाशी गोळा होतात.

या जुगतीत सगळ्या विषयाची मेख आहे. तुळई धडधाकट असताना तिचा स्वर कुणीतरी लिहून ठेवलेला असावा लागतो.

प्रयोगशाळेबाहेर पडलं की हा सरळपणा संपतो. पहिली अडचण वर्गमुळाची. तुळईचा ताठपणा दहा टक्क्यांनी घटला तर स्वर पाचच टक्क्यांनी उतरतो, आणि तोही सबंध तुळईचा घटला तर. भेग असते वीतभर जागेत. पन्नास मीटरच्या गर्डरमधली वीतभर जागा दुखावली तर बाकीचा गर्डर पहिल्यासारखाच झुलत राहतो. स्वर ही साऱ्या अंगाची सरासरी असते. दुखणं एका बोटाला. अल्बुकर्कीच्या पहिल्या दोन कापांवर पूल गप्प राहिला, त्याचं अर्धं कारण हेच.

यावर उपाय म्हणून स्वरांऐवजी आकार बघायची कल्पना आली. पांडे, बिश्वास आणि सॅमन या तिघांनी १९९१ साली दाखवलं की थरथरणाऱ्या तुळईचा बाक जागोजागी मोजला तर भेगेच्या जागी तो एकदम उसळी घेतो. डांबरी रस्त्यावर झोपलेल्या सापाच्या अंगात एकच मणका मोडलेला असावा, तसं काहीसं. पण त्यासाठी तुळईवर ओळीनं पुष्कळ संवेदक चिकटवावे लागतात, आणि बाक काढण्याच्या गणितात मापातली बारीकशी चूकसुद्धा फुगून बसते. उसळी भेगेची की गणिताची, हा वाद मग संपत नाही.

दुसरी अडचण हवेची. अल्बुकर्कीचा पूल कापल्यावर घट्ट झाला कसा, याचं उत्तर शोधताना संशय तापमानावर गेला. मग त्याच लॉस अलामोसच्या मंडळींनी न्यू मेक्सिकोतलाच अलामोसा कॅनियन इथला एक पूल चोवीस तास मोजला. त्याला कुणी हात लावला नव्हता. सकाळी पूर्वेकडून ऊन आलं, दुपार झाली, रात्र झाली. तेवढ्यात त्याचा पहिला स्वर सुमारे पाच टक्के बदलला. तळ तोडलेल्या गर्डरचा फरक सात टक्के, आणि नुसत्या एका दिवसाच्या उन्हाचा पाच!

स्वित्झर्लंडमधली गोष्ट याहून बोलकी. बर्न–झ्युरिक महामार्गावरून जाणारा, कोपिगेन आणि उत्झेन्स्टॉर्फ या गावांना जोडणारा झेड-२४ नावाचा एक काँक्रीटचा पूल होता. १९६३ साली बांधलेला, तोही पाडायचा ठरलेला. पाडण्याआधी बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाचे गीडो द रूक, बार्ट पेटर्स आणि इतरांनी १९९७ ते १९९८ असा जवळपास वर्षभर त्याच्यावर पहारा ठेवला, आणि शेवटच्या महिन्यात मग खांब खचवणं, तारा तोडणं असे हाल केले. पहाऱ्याच्या वर्षात एक चमत्कार दिसला. पारा शून्याच्या खाली गेला की पूल एकाएकी ताठ होई, स्वर झर्रकन चढत. कारण निघालं रस्त्यावरचं डांबर. आपण ज्याला पुलाच्या अंगावरची सतरंजी समजतो ते डांबर गोठलं की दगड होतं आणि पुलाच्या बळात भर घालतं. वर्षभरात हवेनं केलेली उलथापालथ दहा टक्क्यांच्याही वर गेली. नागपूरच्या मे महिन्यात डांबरावर चपलेचा ठसा उमटतो. तिथल्या पुलाचं डांबर कोणत्या महिन्यात किती बळ देतं, हा प्रश्न निदान मला तरी विचारण्याजोगा वाटतो.

पण या वर्षभराच्या पहाऱ्यातूनच वाट निघाली. तापमान इतकं असताना स्वर इतका, हे नातं वर्षभरात शिकून घ्यायचं. मग रोजच्या मापातून हवेचा वाटा वजा करायचा. जे उरतं ते एका पट्ट्यात राहतं, आणि पट्ट्याबाहेर गेलं तर पूल काहीतरी सांगतोय. झेड-२४ चे हाल सुरू झाले तेव्हा तो उरलेला आकडा पट्ट्याबाहेर गेला. आईला माठाच्या बाबतीत हे कधी करावं लागलं नाही, कारण तिच्यासमोर एकाच भट्टीतले सहा माठ शेजारी शेजारी असायचे. पूल एकटाच असतो. त्याची तुलना त्याच्याशीच, कालची आजशी करावी लागते.

मला भोसरीतला एक दुपारचा प्रसंग आठवतो. एका लहान कारखान्यात मी वेगळ्याच कामासाठी गेले होते. मेंटेनन्सचा एक पोक्त माणूस चालत्या मशीनच्या बेअरिंगवर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून, मूठ कानाच्या हाडाला लावून, डोळे मिटून उभा होता. मी विचारलं, “काका, काय ऐकताय?” ते म्हणाले, “काही नाही. काल जे होतं तेच आहे.” आणि पुढच्या मशीनकडे गेले.

फिरत्या यंत्रांच्या बाबतीत कंपनांवरून आजार ओळखणं केव्हाच रुळलं. टर्बाइन, पंप, मोठे पंखे यांच्या बेअरिंगांवर संवेदक असतात आणि कारखाने त्यांच्या भरवशावर चालतात. पुलांच्या बाबतीत तसं झालं नाही. फरार यांनी त्याची कारणं सांगितली आहेत: यंत्रं एकासारखी एक असतात, ती बिघडण्याच्या ठरावीक तऱ्हा असतात, बेअरिंग कुठे आहे ते आधीच ठाऊक असतं, आणि जुन्या नोंदींचा ढीग हाताशी असतो. पूल एकासारखा दुसरा नसतो, भेग कुठे पडेल ते ठाऊक नसतं, आणि नोंदी नसतात. समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर १९७० च्या दशकात हाच प्रयोग तेल कंपन्यांनी जोमानं केला होता. फलाटाच्या पायांना शेवाळ-शिंपले चिकटून वजन वाढायचं, टाक्यांतलं तेल वरखाली व्हायचं, आणि स्वर त्याप्रमाणे हलायचे. त्यांनी नाद सोडला. भोसरीच्या काकांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, रोज ऐकलं असतं तर शिंपल्यांचाही आवाज कळला असता.

आपल्याकडच्या पडलेल्या पुलांची यादी मी इथे देत बसणार नाही. ती वर्तमानपत्रांना पाठ आहे. पण त्यातले तीन घेऊन विचार करावासा वाटतो, की कंपनं मोजली असती तर काय कळलं असतं.

गोव्यातला मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला पडला. वय जेमतेम सोळा. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. पणजी आणि बेती यांच्यामधल्या फेरीबोटींवर पुन्हा सगळा भार आला, तो १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत. या बाबतीत कंपनांच्या शास्त्रानं प्रामाणिकपणे हात वर करायला हवेत. अशा तारा काँक्रीटला दाबून धरतात. त्यांचा ताण कमी होत गेला तरी काँक्रीटला तडे जाऊन ते उघडेपर्यंत तुळईचा ताठपणा जवळजवळ तोच राहतो, आणि म्हणून स्वरही. स्वर उतरल्याचं कळेल तेव्हा फार उशीर झालेला असू शकतो. आतून गंजणारा पूल शेवटपर्यंत खणखणीत वाजेल, ही शक्यता मनात ठेवूनच या यंत्रांकडे बघावं.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी कोसळला. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि तो वापरायला योग्य ठरला होता. तिथे स्लॅबचा भाग खाली आला. सबंध पुलाचा स्वर अशा तुकड्यांबद्दल फारसं बोलत नाही. तिथे हवा होता तो गवंड्याचा कान: हातोडी घेऊन फूटफूट स्लॅब ठोकत जायचं आणि पोकळ वाजेल तिथे खूण करायची. हे शास्त्र फार जुनं आहे आणि त्याला संगणक लागत नाही. खालून टॉर्च मारून फोटो काढणं याला मी ऑडिट म्हणत नाही; कोणाला राग आला तरी चालेल.

तिसरी सावित्री. महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावरचा, १९२८ सालचा कमानींचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी बस आणि आणखी वाहनं त्याच्याबरोबर गेली. कमान म्हणजे तुळई नव्हे, आणि पुराच्या लोंढ्यापुढे कुठलंच शास्त्र फुशारकी मारू शकत नाही. पण नदीतल्या पुलांचा एक आजार असा आहे, की पाणी पायाभोवतालची वाळू-माती उकरून नेतं आणि वरून काहीही दिसत नाही. जपानच्या रेल्वेनं त्यासाठी एक साधा मार्ग काढला आहे आणि तो तिथे कित्येक वर्षं रुळलेला आहे. सुमारे ३० किलोचं वजन दोरीनं टांगायचं आणि पुलाच्या खांबाच्या डोक्याशी त्याचा ठोसा मारायचा. खांब किती कंपनं करतो ते मोजायचं. पायाभोवतीची माती गेली असेल तर खांब मोकळा होतो आणि स्वर उतरतो. धड खांबाचा स्वर काय असायला हवा याच्याशी भागाकार करून खांब कोणत्या वर्गात पडतो ते ठरवायचं. मोठा पूर येऊन गेला की पुन्हा ठोसा. माठ वाजवून घेण्याची ही सरकारी पद्धत.

सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. कामाचा वेग खरोखर वाखाणण्यासारखा. अशा उद्घाटनांच्या वेळी मला नारळ आठवतो. नारळ फोडण्याआधी आपण तो कानाशी धरून हलवतो, पाणी किती आहे त्याचा अंदाज घेतो. ज्या पुलासाठी तो फोडायचा, त्याच्यासाठी तास-दोन तास द्यावेत, इतकंच मागणं आहे. पुलावरून एक भरलेला ट्रक न्यावा, आठ-दहा संवेदक लावावेत, त्याच्या पहिल्या पाच-सहा स्वरांची नोंद तारीख आणि तापमानासह करावी आणि पुलाच्या कागदांत पहिल्या पानावर डकवावी. मूल जन्मलं की वजन घेतात, तितकंच हे. आपल्या बहुतेक जुन्या पुलांचं हे जन्माचं वजन कोणी घेतलेलं नाही, आणि आता घ्यायचं म्हटलं तर पहिल्याच मापात म्हातारपण मिसळलेलं असणार. तरी घ्यावं. आजच्या मापाला दहा वर्षांनी किंमत येईल.

संवेदक महाग आहेत, ही सबब आता टिकत नाही. खिशातल्या फोनमध्ये हलणं मोजणारी चिप असतेच. फोन आडवा केल्यावर चित्र आडवं होतं ते तिच्यामुळे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप केलं आहे, त्यात ही मापं उघडी दिसतात आणि कंपनांची वारंवारताही काढता येते. २०२२ साली एका शोधनिबंधात तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून जाणाऱ्या गाड्यांमधल्या फोनवरून त्या पुलाचे स्वर काढून दाखवले. पुलावरून जाणारी गाडीच पुलाची नाडी बघू शकते, हे गणित तैवानमधल्या वाय. बी. यांग यांनी २००४ मध्ये मांडलं होतं. गाडीचे स्वतःचे हेलकावे, रस्त्यातले खड्डे, सगळं त्यात मिसळतं, आणि आपल्या खड्ड्यांना तर वेगळंच गणित लागेल. पण एक फेरी फसली तरी हजार फेऱ्यांत खड्डा एका जागी राहतो आणि पुलाचा स्वर वेगळा निघू लागतो. एसटीची लाल गाडी त्याच वेळेला, त्याच पुलावरून, वर्षानुवर्षं जाते. इतका नेमाचा वैद्य दुसरा कुठे मिळणार?

मागच्या कोजागिरीच्या सुमारास मी गावी गेले होते तेव्हा नदीवरच्या पुलावर फोन ठेवून पाहिला. पूल लहान आहे, तीन गाळ्यांचा, कठड्यावर कुणीतरी रंगानं प्रेमाची आकडेमोड केलेली. मधल्या गाळ्याच्या मध्यावर फोन उपडा ठेवला आणि शेजारी बसले. दहा मिनिटं काहीच आलं नाही. मग उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला, वर ऊस पार कडेपर्यंत. तो पुढे गेल्यावरही पूल थोडा वेळ झुलत होता, ते पायांना कळलं. फोनवर गवतासारख्या रेषांमधून एक टोक वर आलेलं दिसलं. दुसरा ट्रॅक्टर गेला, टोक तिथेच. मग रिकामा टेम्पो गेला, टोक बुटकं झालं पण जागा तीच. मी पिशवीतली वही काढली आणि आकडा, तारीख, वेळ आणि हवा किती तापली आहे ते लिहीत होते, एवढ्यात लुनावरून चाललेले एक आजोबा थांबले.

“रेंज शोधताय का, ताई?” त्यांनी विचारलं. “इथं नाही यायची. पलीकडं शाळेपाशी जावा, तिथं येतीय.”

मी हो म्हटलं. लुना निघून गेली. तिच्यानं पडद्यावर काहीच उमटलं नाही.